सातवी तपासणी

निंगव्वा मावशी कंप्युटरच्या खोलीच्या दाराशी उभी होती. आत यायला तिला परवानगी नव्हती. दारावर तशी पाटीच होती आणि ती मीच लावली होती. तिने पदराला बांधलेली सुताची दोरी सोडली आणि माझ्यापुढे धरली.

"मोज," ती म्हणाली.

दोरीला गाठी होत्या. ती वाइंडिंग खात्यात बदलीवर, म्हणजे न आलेल्या कामगाराच्या जागी, कामाला होती. तुटलेल्या सुताची टोकं जोडणं हेच तिचं काम, त्यामुळे गाठी इतक्या बारीक होत्या की बोटानेच लागत. कामाच्या एकेका दिवसाची एकेक गाठ. मी मोजल्या. दोनशे सदतीस.

"आन् तुमच्या यादीत?"

"दोनशे सव्वीस," मी म्हणाले. यादी त्याच सकाळी गिरणीच्या गेटवर लावली होती.

"मग कोण खोटं बोलतंय, बाई? मी का तुमचं मशीन?"

मी बी.एस्सी. फिजिक्सला पहिली आले होते. तेवीस वर्षांची होते. मी म्हणाले, "मावशी, मशीन खोटं बोलत नाही."

तिने दोरी परत पदराला बांधली. "व्हय. माणसंच बोलत्यात," असं म्हणून ती गेली.

ती एकोणऐंशी सालच्या मार्चची चोवीस तारीख होती, शनिवार. आमच्या गिरणीचा नियम असा, की बदली कामगाराच्या एप्रिल ते मार्च या वर्षात दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या, की तो कायम होणार. एक जरी कमी पडली तरी एक एप्रिलपासून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. यादी एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता मुंबईच्या ऑफिसला जायची होती. सहा दिवस उरले होते. ती सहाही दिवस कामावर आली असती तरी यादीप्रमाणे तिच्या दोनशे बत्तीसच भरल्या असत्या. आणि तिचं हे नववं वर्ष होतं.

डिसेंबरपर्यंत हजेरी मस्टरमध्ये हाताने लिहीत. जानेवारीपासून ती कंप्युटरवर आली. आठ खात्यांत आठ टेलिप्रिंटर होते. खात्याचा टाइमकीपर सकाळी सातच्या पाळीला हजर कामगारांचे नंबर त्यावर टाइप करी आणि ते तारेवरून आमच्या खोलीत येत. खोलीत चनबसप्पा अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा पूर्वी गिरणीचे वायरमन होते. मुंबईचा इंजिनियर मशीन बसवून, प्रोग्रॅम लिहून निघून गेला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडून जेवढं शिकता येईल तेवढं शिकून घेतलं होतं.

निंगव्वा गेल्यावर मी अण्णांना म्हणाले, "अकरा दिवसांचा फरक आहे. पगारात कसा नाही आला?"

"तिचा पगार वजनावर. जेवढं सूत भरलं तेवढे पैसे. हजेरीशी काय संबंध?" अण्णा म्हणाले. "म्हणूनच तीन महिने कुणाला पत्ता नाही. पण नंबर बिघडतात हे तर तुलाही माहीत आहे की."

ते खरं होतं. रोज सात वाजता आठही खाती एकदम टाइप करायला लागली, की मधलंच एखादं अक्षर गळे आणि ४१८ चा ४८ होई. असे नंबर आम्ही टाइमकीपरला विचारून दुरुस्त करायचो. मला वाटलं, निंगव्वाचे दिवसही असेच कुठेतरी गळाले असणार. दोष एकच आणि कारणही एकच. असं मानायला मला फार सोपं गेलं.

सोमवारी मी प्रोग्रॅमचे कागद टेबलावर पसरले. तारेवरून येणारं अक्षर उचलून ठेवणारा जो भाग असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. अक्षर म्हणजे तारेवर एकामागून एक येणारे ठोके. एक ठोका नऊ मिलिसेकंद टिकतो. आमचं मशीन स्वस्तातलं, प्रत्येक तारेला वेगळं यंत्र नव्हतं. ड्रायव्हरच आठ तारांकडे आळीपाळीने बघे आणि ठोके ओळखी. एका तारेपाशी थांबायला त्याच्याकडे जेमतेम अठ्ठावीस आज्ञांचा वेळ होता. अक्षर पुरं होऊन ते ठेवायच्या वेळी तो किती घेत होता, ते मी मोजलं. एकेचाळीस.

म्हणजे एका तारेचं अक्षर ठेवता ठेवता दुसऱ्या तारेवरचा ठोका हुकत होता.

आणि एकेचाळीसपैकी एकवीस आज्ञा एकाच कामात जात होत्या. प्रत्येक खात्यासाठी मशीनच्या आठवणीत एक खण असे. हजेरी सुरू झाली की खात्याला खण मिळे आणि त्याचा पत्ता एका ठरलेल्या जागी लिहिला जाई. हजेरी बंद केली की त्या जागी शून्य. ड्रायव्हर अक्षर ठेवण्याआधी बघायचा, पत्ता शून्य तर नाही ना? शून्य असेल तर अक्षर टाकून द्यायचं. ठीक आहे. पण हेच तो सात वेळा बघत होता. अक्षर उचलताना, तपासताना, मोजताना, खणाकडे जाताना, खणाच्या दाराशी, आत आणि अगदी ठेवण्याच्या आधी.

"एवढा घाबरत का होता तो?" मी विचारलं.

"शून्य पत्ता म्हणजे शून्य नंबरचं घर," अण्णा म्हणाले. "मशीन मधेच दुसऱ्या कामाला गेलं की परत कुठं यायचं, ते त्या घरात लिहून ठेवतं. तिथं अक्षर पडलं तर मशीनला घरी यायची वाट सापडत नाही. एकदा झालं होतं तसं. बसवतानाच. साहेबांच्या समोर. मग दर वेळी तो एक तपासणी वाढवत गेला. एवढा मोठा माणूस, पण घामाने शर्ट भिजला होता त्याचा."

मी दोन दिवस कागदावर सिद्धता मांडली. पहिल्या तपासणीपासून ठेवण्यापर्यंत तो पत्ता कोण बदलू शकतो? एकेक आज्ञा पाहिली. कुणीच नाही. म्हणजे पहिली तपासणी पार पडली की पुढच्या सहाही जणींचं उत्तर आधीच ठरलेलं. मी त्या काढल्या. अठरा आज्ञा गेल्या, तेवीस उरल्या. गुरुवारी दिवसभर कागदी पट्टीवर भोकं पाडून नवा प्रोग्रॅम उतरवला. शुक्रवारी सकाळी सातला तो चालू केला तेव्हा अण्णांनी मशीनपुढे उदबत्ती लावली आणि मी ती पंख्यापासून दूर सरकवली.

सातचा भोंगा झाला. आठही खाती टाइप करू लागली. मी छापील यादी नंबरागणिक तपासली. एकही नंबर बिघडला नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

"शाबास!" अण्णा म्हणाले. "आता चहा."

पण मी चहाला न जाता वाइंडिंगची यादी पाहत होते. त्यात निंगव्वाचा नंबर, ४१८, नव्हता. मी खात्यात गेले. निंगव्वा आपल्या यंत्रापाशी होती. सूत धावत होतं, ती टोक पकडून गाठ मारत होती. मला बघूनही तिने कामावरची नजर काढली नाही.

"आज भोंग्याला होतीस?"

"गेटात हुते की. सव्वासातला घेतलं आत. का? आज बी न्हाय आलं माजं नाव?"

"नाही," मी म्हणाले. तिने पुढचं टोक पकडलं.

मी खोलीत परत आले. बिघडलेला नंबर दिसतो. न आलेला नंबर दिसत नाही. मी जो दोष काढला होता तो दुसराच होता. पहिला अजून आत बसलेला होता आणि हातात एकच दिवस होता.

दुपारी मी अण्णांना म्हणाले, "अक्षर टाकून देण्याची जागा आता प्रोग्रॅममध्ये एकच उरली आहे. ती उरलेली तपासणी. पत्ता शून्य असला तर ती गुपचूप अक्षर टाकते."

"पण हजेरी चालू असताना पत्ता शून्य कसा असेल?"

"असू शकत नाही. मी तेच सिद्ध केलंय. म्हणून सहा काढल्यावर मला तर ही सातवीही काढावीशी वाटत होती."

"आणि आता?"

"आता मला बघायचंय की शून्य येतं का. तिथे 'टाकून दे' आहे, त्याऐवजी 'थांब' घालायचं. एकच आज्ञा, समोरच्या स्विचांवरून घालता येईल. शून्य आलं की मशीन जागच्या जागी थांबेल. तार कुठली, अक्षर कुठलं, दोन्ही दिव्यांवर दिसेल."

अण्णांनी चष्मा काढला. "चालू पाळीत थांबवणार? उद्या? उद्या मॅनेजरसाहेब सात वाजता इथं उभे असणार आहेत. यादीसाठी. त्यापेक्षा किती वेळा शून्य येतं ते मोजत राहा की. मुकाट्याने."

"मोजून आकडा कळेल. कुणाचं, कधी, का, ते नाही कळणार. आणि परवा कळून काय उपयोग?"

"मशीन थांबलं तर साहेब तुला विचारणार नाहीत. मला विचारतील."

"मी सांगेन, मी केलं."

"तू सांगशील गं," अण्णा म्हणाले. "पण माझी अठ्ठावीस वर्षं झालीत इथं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मार्चचं ऊन, चिमणीची सावली आखडून बुंध्याशी आलेली. मग ते मशीनपाशी गेले आणि म्हणाले, "नंबर वाच. स्विच मी दाबतो."

शनिवारी साहेब पावणेसातलाच आले. पांढरा बुशशर्ट, हातात घड्याळ काढून धरलेलं. त्यांनी खुर्ची नाकारली. सातचा भोंगा झाला. दिवे धावू लागले. एक मिनिट. दोन. वीव्हिंगची यादी पुरी झाली, त्यांनी बंदची खूण पाठवली. स्पिनिंगची झाली. सात वाजून पाच मिनिटांनी वाइंडिंगचीही खूण आली. म्हणजे वाइंडिंगचा खण गेला, पत्ता शून्य झाला. सगळं शिस्तीत.

मला वाटलं, काही होणार नाही. शून्य येणारच नाही. मग निंगव्वाला काय सांगायचं?

सात वाजून अकरा मिनिटांनी सगळे दिवे एकदम स्थिर झाले.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"थांबलं," अण्णा म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. का थांबलं?"

मी दिवे वाचत होते. खालच्या रांगेत तार पाच. वाइंडिंग. वरच्या रांगेत अक्षर. तो आकडा नव्हता. ते कागद एक ओळ वर सरकवण्याचं चिन्ह होतं. बंदची खूण पाठवून सहा मिनिटं झाल्यावर वाइंडिंगमध्ये कुणीतरी नवी ओळ घेतली होती. नवी ओळ माणूस कशाला घेतो? पुढे लिहायला.

"साहेब, मी आले," असं म्हणून मी धावले. मागून साहेबांचा आवाज आला, "कुठे चालल्या ह्या? चनबसप्पा, हे काय आहे?" आणि अण्णांचा, "साहेब, मशीन मीच थांबवलंय. पाच मिनिटं द्या." त्यांनी 'मीच' म्हटलेलं मला ऐकू आलं, पण थांबायला वेळ नव्हता.

वाइंडिंग खातं अंगणापलीकडे होतं. दारातच टेलिप्रिंटर आणि त्याच्यासमोर टाइमकीपर सिद्रामप्पा काका, डोक्याला रुमाल, एका बोटाने टाइप करत असलेले. त्यांच्यामागे पाच-सहा बायका रांगेत. निंगव्वा तिसरी.

"चारशे अठरा," काका म्हणाले आणि ४, १, ८ दाबलं. समोरच्या कागदावर ४१८ छापलं गेलं. तो टेलिप्रिंटर टाइप केलेलं आपल्या कागदावर छापतोच, पलीकडे कुणी ऐको न ऐको. आणि त्या ४१८ च्या वर, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, लाल पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"काका, ही रेघ?"

"रेघ न्हाय मारायची? भोंग्याला जेवढं कायमवाले हजर तेवढं वर. मग रेघ. रेघेखाली बदली." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. "कायमवाला आला न्हाय हे भोंगा झाल्याबिगर कसं कळंल? मग गेटातून बदली घ्यायचा. कुणाची रजा आदुगर ठाव असली तर त्याचा बदली वरच बसतोय. चाळीस वर्षं असंच हाय."

"पण बंदची खूण तुम्ही रेघेच्या वेळीच दाबता!"

"मग कवा दाबू? तुमीच सांगितलंसा की जानेवारीत. 'काका, मस्टरात जिथं लाल रेघ मारता तिथं ही कळ दाबायची.' हितंच उबं ऱ्हाऊन सांगितलंसा."

मी सांगितलं होतं. काकांना सोपं जावं म्हणून सांगितलं होतं. रेघ दिसली होती मला, सगळ्या मस्टरांत. रेघेखाली काय लिहितात ते मी विचारलं नव्हतं. रेघ म्हणजे शेवट, एवढंच मी वहीत पाहत आले होते.

माझ्या सिद्धतेत चूक नव्हती. हजेरी चालू असताना पत्ता खरंच कधी शून्य नव्हता. फक्त मी जिला संपलेली समजत होते ती हजेरी इथे अर्धीच झालेली असे. आणि ती तपासणी रोज सकाळी बदल्यांचे नंबर एकेक करून टाकून देत होती. तिला जे सांगितलं होतं तेच ती करत होती.

"काका, जुने कागद कुठे आहेत? जानेवारीपासूनचे?"

"कुटं म्हंजे? कपाटात. मस्टर कुणी टाकतंय का?"

कपाटात गुंडाळ्या होत्या, सुताने बांधलेल्या, वर तारीख लिहिलेली. प्रत्येकीत एक लाल रेघ आणि खाली काकांची सही.

साहेब आले तेव्हा मी जमिनीवर बसून गुंडाळ्या सोडत होते. त्यांच्यामागे अण्णा. साहेबांचा चेहरा पाहून बायका बाजूला सरकल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. मशीन माझ्या सांगण्यावरून थांबलं. नंबर मशीनने टाकले. टाइमकीपरना कळ कधी दाबायची ते मी चुकीचं सांगितलं. तीन वाक्यं.

साहेबांनी एक गुंडाळी उचलली. रेघ पाहिली, सही पाहिली. "हे सगळ्या खात्यांत आहे?"

"जिथे बदली घेतात तिथे. तीन खात्यांत."

"बारा वाजता यादी जाणार," ते म्हणाले. "जिथे सहीचा कागद आहे तिथे मी धरीन. जिथे नाही तिथे नाही. मुंबईला मी तोंडी काही सांगू शकत नाही."

आम्ही चौघं बसलो. काका तारीख वाचत, अण्णा नंबर, मी लिहीत, निंगव्वा गुंडाळ्या परत बांधत. तिच्या गाठी आमच्याहून झटपट होत. साडेदहापर्यंत वाइंडिंग झालं. निंगव्वाच्या यादीतल्या दोनशे तीस, रेघेखालच्या अकरा आणि आजची एक. दोनशे बेचाळीस.

"त्रेचाळीस," निंगव्वा म्हणाली.

"मावशी, कागदावर बाराच आहेत."

तिने दोरी काढली. "माज्या त्रेचाळीस हायत. फेब्रुवारीत एक दिस काकांनी नाव घ्यायचं इसरलं आसंल."

"मी?" काका म्हणाले. "मी इसरलो? तूच डबल गाठ मारली असशील, ग्यानबाई!"

"मी सुतात डबल गाठ मारते का कदी? इचारा खात्यात!"

साहेब म्हणाले, "बाई, चाळीस लागतात. बेचाळीस आहेत."

"ते मला कळतंय साहेब. पर त्रेचाळीस हायत."

मी यादीवर बेचाळीस लिहिलं. ती शेवटपर्यंत नाराज होती.

दुसऱ्या खात्याचे कागद सापडले. तिसऱ्या, रीलिंग खात्यात, टाइमकीपर म्हणाला की मशीनमध्ये गेल्यावर कागद कशाला ठेवायचे. तो ते चहाच्या शेगडीला वापरत होता. त्या खात्यातल्या दोघांना दोनशे चाळीसला थोड्याच हजेऱ्या कमी होत्या. त्यांची नावं मी आजही सांगू शकते. यादी बारा वाजता गेली, त्यांच्याशिवाय.

सोमवारी, दोन एप्रिलला, मी ड्रायव्हर पुन्हा लिहिला. बंदची कळ आता शेवटच्या बदलीनंतरच दाबायची, असं टाइमकीपरना सांगितलं. शून्याची तपासणी मी एकच ठेवली. पण तिथे आता 'टाकून दे' नव्हतं आणि 'थांब'ही नव्हतं. टेलिप्रिंटरला आतून एक घंटी असते. शून्य आलं की ज्या खात्यातून अक्षर आलं तिथली घंटी वाजवायची, असं मी लिहिलं. त्याला चार आज्ञा जास्त लागल्या. सत्तावीस. अठ्ठावीसच्या आत.

मंगळवारी ती वाइंडिंगमध्ये वाजली. मी जाऊन पाहिलं, तर काका जुन्या सवयीने आधीच कळ दाबून बसले होते आणि घंटीकडे रागाने बघत होते.

"हे काय कोकलतंय?"

"काका, तुम्ही रेघेखाली लिहिताय, ते त्याला ऐकू येत नाही, म्हणून ते सांगतंय."

निंगव्वा यंत्रापाशी होती. ती आता रेघेच्या वर होती. तिने धावतं सूत पकडून गाठ मारली आणि वळूनही न बघता म्हणाली, "तीन म्हैनं आदी कोकललं आसतं तर?"

मी कळ सोडवली, काकांना पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला सांगितलं आणि परतले. वाटेत रीलिंग खातं लागतं. मी तिथे आत गेले आणि टाइमकीपरला आणि त्या दोघांना जानेवारीपासूनचे दिवस, ज्याला जे आठवतील ते, तोंडी सांगायला सांगितले, आणि सहीच्या कागदासाठी लिहून घ्यायला बसले.